पत्र्याखालचा आवाज, मिरवणुकीतला उजेड

मोबाइलवरचं चित्रीकरण आणि ध्वनिमुद्रण यांविषयी सीमाभागातून आलेल्या पत्रांतले काही प्रश्न या वेळी घेतले आहेत. बहुतेकांनी विचारलं आहे कॅमेऱ्याबद्दल, पण पत्र नीट वाचलं की अडचण आवाजाची निघते. म्हणून उत्तरांत आवाजाला जास्त जागा दिली आहे. थोडं अस्पष्ट चित्र माणसं चालवून घेतात. शब्द कळेनासे झाले की बघणं सोडून देतात.

प्रश्न : मराठी प्राथमिक शाळेत शिकवते. मुलांच्या कविता, पाढे, गोष्टी यांचे व्हिडिओ करून पालकांच्या ग्रुपवर टाकतो. वर्गावर पत्रे आहेत, भिंती नुसत्या गिलाव्याच्या. आवाज घुमतो, आणि जूनपासून त्यात पावसाची भर. हजार रुपयांच्या आत कोणता माइक घ्यावा?
— एक शिक्षिका, खानापूर तालुका

उत्तर : बाई, माइक घेण्याआधी अंतर कमी करून बघा. त्याला पैसे लागत नाहीत आणि फरक सगळ्यात मोठा पडतो. मूल बोलतं तेव्हा माइकपर्यंत दोन आवाज पोचतात : एक थेट तोंडातून, दुसरा भिंती, पत्रा आणि फरशी यांवर आपटून. दुसरा आवाज वर्गात सगळीकडे जवळपास सारखाच असतो. पहिला मात्र अंतर निम्मं केलं की ६ डेसिबलनं वाढतो. मोबाइल ३ मीटरवर असेल आणि तो एक वीत, म्हणजे साधारण २० सेंटिमीटरवर आणला, तर थेट आवाज २३ डेसिबलच्या आसपास चढतो आणि घुमणारा आहे तेवढाच राहतो. घुमणं कमी झाल्यासारखं वाटतं ते यामुळे.

पण कॅमेरा एका वितीवर आणता येत नाही. म्हणून दोन फोन वापरा. एक समोर उभा करून चित्रीकरणाला, दुसरा मुलाजवळ बाकावर किंवा पुस्तकांच्या चवडीवर, चित्राच्या चौकटीच्या जरा खाली, नुसत्या ध्वनिमुद्रणासाठी. फोनचा मुख्य माइक चार्जिंगच्या भोकाजवळ असतो. ती बाजू तोंडाकडे करा, पण तोंडाच्या अगदी सरळ रेषेत नको, किंचित बाजूला. नाहीतर प, फ, भ या अक्षरांना श्वासाचा फटका बसतो आणि 'भप्प' असा आवाज येतो. दोन्ही फोन सुरू झाले की चौकटीत हात दिसेल अशी एक मोठी टाळी वाजवा. जोडताना दोन्ही ध्वनिपट्ट्यांवर टाळीचा टोकदार उंचवटा दिसतो. ते दोन उंचवटे एकाखाली एक आणले की ओठ आणि शब्द जुळतात. मग कॅमेऱ्याच्या फोनचा आवाज बंद करा. दोन्ही चालू ठेवले तर पुन्हा घुमल्यासारखं होतं.

दहा मुलं एकत्र म्हणणार असतील तर त्यांना ओळीत उभं करू नका. अर्धवर्तुळ करा, फोन मधोमध मुलांच्या छातीच्या उंचीवर ठेवा, बारीक आवाजाची मुलं जवळ आणि खणखणीत आवाजाची एक पाऊल मागं.

घुमणं उरलंच तर वाकळी आणि जमखाना कामाला येतात. एक वाकळ मुलाच्या पाठीमागं, एक समोर, चौकटीबाहेर. भिंतीला चिकटवण्यापेक्षा दोरीवर, भिंतीपासून वीतभर सोडून टांगली तर जास्त शोषते. फरशीवर जमखाना. पातळ पडदा किंवा साडी टांगून उपयोग नाही, जाड कापडच लागतं. अंड्यांचे ट्रे भिंतीला लावायचा सल्ला सगळीकडे ऐकू येतो. त्यांनी पैसे नाही तर वेळ वाया जातो, कारण पातळ पुठ्ठा बोलण्याचा आवाज फारसा शोषत नाही.

आता पाऊस. पत्र्यावरच्या पावसाचा आवाज बारीक-जाड सगळ्या पट्ट्यांत पसरलेला असतो, म्हणजे मुलाचा आवाज जिथं आहे तिथंच. तो वेगळा काढून टाकणारी खात्रीची युक्ती नाही. ऑडॅसिटी या मोफत सॉफ्टवेअरमध्ये 'नॉइज रिडक्शन' आहे. त्यासाठी कुणी बोलत नसतानाचा दहा सेकंदांचा तुकडा मुद्दाम रेकॉर्ड करून ठेवावा, तो निवडून 'गेट नॉइज प्रोफाइल' दाबावं, मग सगळी पट्टी निवडून घट ६ ते ८ डेसिबल ठेवावी. पंख्याची घरघर, ट्यूबची गुणगुण यांवर हे चांगलं चालतं, कारण ते आवाज एकसारखे असतात. पाऊस सतत कमीजास्त होतो. २० डेसिबल घट दिली की शब्दांची टोकं झिजतात आणि बोलणं डब्यातून आल्यासारखं लागतं. धो धो पडत असेल तेव्हा स्लॅबची खोली, कार्यालय, नाहीतर देवळाचा सभामंडप शोधा. खानापूर-जांबोटीकडं पावसाळाभर थांबणं शक्य नाही, पण उघडिपीचा अर्धा तास बहुतेक दिवशी मिळतो. तेवढ्यात आवाज तेवढा रेकॉर्ड करून घ्यायचा आणि चित्र पावसात, खिडकीतल्या उजेडात घ्यायचं, हेही जमतं, फक्त ओठ जवळून दाखवू नका.

एवढं करून माइक घ्यायचाच असेल तर कॉलरला लावायचा साधा वायरचा माइक घ्या. हजारात तो चांगला मिळतो. त्या किमतीत बिनतारी माइकच्या मागं लागू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

प्रश्न : कॉलर माइक घेतला, लावला, पण रेकॉर्डिंग आधीसारखंच येतंय. माइक खराब आहे काय?
— एक वाचक, निपाणी

उत्तर : बहुधा फोन अजून स्वतःच्याच माइकवरून रेकॉर्ड करतो आहे. खात्री करायला रेकॉर्डिंग चालू ठेवून कॉलर माइकवर नखानं हळू खरवडा, मग फोनच्या तळाशी खरवडा. ऐकताना कुठली खरखर मोठी आहे त्यावरून लगेच कळेल.

फोनचीच मोठी असेल तर या क्रमानं तपासा. पिनवरच्या काळ्या कड्या मोजा : तीन असतील तर ती मोबाइलची पिन, दोन असतील तर कॅमेऱ्याची. दोन कड्यांची पिन मोबाइलमध्ये बसते, पण फोनला माइक ओळखता येत नाही. तिला दोनाची तीन करणारा छोटा जोड लागतो. काही माइकवर लहान डबी आणि बटण असतं, एका बाजूला कॅमेरा आणि दुसऱ्या बाजूला स्मार्टफोन. फोनसाठी बटण स्मार्टफोनकडं हवं. कॅमेऱ्याच्या बाजूला ठेवलं तर आतला बटनसेल वापरला जातो, आणि तो संपला की आवाज बारीक होत होत जातो.

फोनला गोल भोक नसेल आणि यूएसबी-सीचा जोड वापरत असाल तर त्या जोडात स्वतःची ध्वनिचिप असलेला आणि माइक चालणारा प्रकार हवा. स्वस्तातले बरेच जोड फक्त ऐकण्यापुरते असतात. काही कंपन्यांच्या फोनांत सेटिंगमध्ये जाऊन 'ओटीजी' (फोनला बाहेरचं उपकरण जोडायची सोय) चालू करावं लागतं, आणि थोड्या वेळानं ते आपोआप बंदही होतं.

हे सगळं ठीक असूनही जमलं नाही तर दोष कॅमेरा ॲपचा. काही फोनांतलं मूळ ॲप बाहेरचा माइक घेतच नाही. 'ओपन कॅमेरा' हे मोफत ॲप घालून त्याच्या व्हिडिओ सेटिंगमध्ये ध्वनीचा स्रोत बाहेरचा माइक असा निवडा. माइक लावल्यावर आधी ॲप बंद करून पुन्हा उघडा. पुष्कळदा तेवढ्यानंच काम होतं.

प्रश्न : फोनवर स्वच्छ दिसणारा व्हिडिओ पुण्यातल्या बहिणीला पाठवला की गढूळ दिसतो.
— एक वाचिका, चिकोडी

उत्तर : व्हॉट्सॲप व्हिडिओ दाबून लहान करतं. गॅलरीतून न पाठवता जोडणीच्या चिन्हातून 'डॉक्युमेंट' निवडून पाठवा. २ जीबीपर्यंतची फाइल आहे तशी जाते. ग्रुपवर आलेला व्हिडिओ उतरवून तोच पुढं संपादनाला वापरू नका, मूळ फाइल मागवा.

प्रश्न : शिवजयंतीच्या चित्ररथांची मिरवणूक दरवर्षी मोबाइलवर घेतो. उजेडात काळे पट्टे वर-खाली सरकतात. ढोल-ताशा जवळ आला की आवाज फाटतो. चांगला फोन घेतला तरी तेच.
— एक कार्यकर्ता, बेळगाव

उत्तर : दोन वेगळी दुखणी आहेत.

पट्ट्यांचं कारण विजेत आहे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा उजळतात आणि मंदावतात. डोळ्याला ते दिसत नाही. फोन प्रत्येक चित्र वरून खाली ओळीओळीनं वाचतो. वाचता वाचता दिवा मंदावला की त्या ओळी काळ्या पडतात. उघडझापेचा काळ, म्हणजे शटर, सेकंदाचा १/५० किंवा १/१०० ठेवला तर प्रत्येक ओळीला दिव्याच्या पूर्ण फेऱ्या मिळतात आणि पट्टे जातात. फोन आपल्या मर्जीनं १/६० किंवा १/१२० धरतो, तिथं बिघडतं. म्हणून प्रो मोडमध्ये किंवा हातानं शटर ठरवता येणाऱ्या ॲपमध्ये शटर १/५० आणि चौकटी (फ्रेम) सेकंदाला २५ ठेवा. ३० चौकटींचं बंधन असेल तर १/१०० वापरा. आयएसओ, म्हणजे उजेड पकडण्याची संवेदनशीलता, ४०० ते ८०० च्या पुढं शक्यतो नेऊ नका. रात्रीचं आकाश काळंच दिसायला हवं, ते उजळ करायला गेलं की चित्रात वाळू सांडल्यासारखे ठिपके येतात.

एवढं करूनही काही चित्ररथांवर पट्टे सावकाश सरकताना दिसतील, कारण ते दिवे ट्रॉलीवरच्या जनरेटरवर चालतात. जनरेटरचं ५० हर्ट्झ इंजिनच्या फेऱ्यांवर ठरतं. चार ध्रुवांच्या जनरेटरला त्यासाठी मिनिटाला १५०० फेरे लागतात. डीजेचा ठेका पडला, भार वाढला की फेरे घटतात आणि वारंवारिता ४८-४९ वर येते. अशा वेळी शटर पडद्याकडं बघत थोडं इकडंतिकडं सरकवायचं, पट्टा थांबेल तिथं ठेवायचं. रंग बदलणाऱ्या एलईडी पट्ट्यांचं लुकलुकणं त्यांच्या आतल्या चिपवर अवलंबून असतं, विजेच्या वारंवारितेशी त्याचा संबंध नाही. तिथंही डोळ्यानंच शटर लावावं लागतं. आधी मंडळाच्या मांडवात दिवे लावतील तेव्हा पाच मिनिटं जाऊन प्रयोग केला तर मिरवणुकीत धांदल होत नाही.

आवाज फाटतो कारण माइकला पेलेल त्यापेक्षा मोठा दाब पडतो आणि ध्वनिलहरींची टोकं सपाट कापली जातात. कापलेलं टोक नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरनं परत खरं होत नाही. जागा बदला : पथकाच्या पुढं, ढोलाच्या पानासमोर उभं न राहता बाजूला, दहा-पंधरा मीटरवर, शक्य तर पहिल्या मजल्याच्या गॅलरीत. मोकळ्यावर अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबल उतरतात. ॲपमध्ये आवाजाची पातळी हातानं ठरवता येत असेल तर ढोल सर्वांत मोठा वाजत असताना पातळी दाखवणारी पट्टी उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील अशी लावा आणि पुन्हा हात लावू नका. पातळी आपोआप ठरवायची सोय चालू राहिली तर ठोक्याबरोबर बाकीचा आवाज दबतो आणि मग पुन्हा फुगतो.

आमचा आग्रह असा : एक फोन गॅलरीत एकाच जागी ठेवून सलग आवाज घ्यावा, दुसऱ्यानं हिंडत चित्रं घ्यावीत, आणि तुकडे त्या सलग आवाजावर बसवावेत. दर तुकड्याला ठेका तुटत नाही. बसवताना एक लक्षात ठेवा. आवाज सेकंदाला ३४० मीटरच्या आसपास जातो, म्हणजे १४ मीटरला सुमारे एक चौकट. ४० मीटरवरून घेतलेला ढोल टिपरूपेक्षा तीन चौकटी मागं असतो. आवाज तेवढा आधी आणला की ठोका बरोबर पानावर पडतो.

प्रश्न : गावच्या साहित्य संमेलनातलं अध्यक्षीय भाषण फोनवर चित्रित केलं आणि आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर घेतला. सुरुवातीला जुळतं, पन्नास मिनिटांनी ओठ आणि शब्द वेगळे होतात.
— एक वाचक, कडोली परिसर

उत्तर : मोठं कारण फोनचं आहे. फोन सेकंदाला नेमक्या ३० चौकटी घेत नाही. उजेड कमी झाला, फोन तापला की २९, २७ असं करतो. फोनवर बघताना हे जाणवत नाही, पण संपादनाची काही सॉफ्टवेअरं चौकटी एकसारख्या आहेत असं धरून चालतात आणि जुळणी घसरत जाते. उपाय : फाइल आधी 'हँडब्रेक' या मोफत सॉफ्टवेअरमधून काढा. व्हिडिओच्या पानावर चौकटींचा वेग ३० आणि खाली 'कॉन्स्टंट फ्रेमरेट' निवडा, दर्जाचा आकडा १८ ते २०. मिळालेली नवी फाइलच संपादनात घ्या.

तरीही थोडी घसरण उरते. दोन यंत्रांतली घड्याळं तंतोतंत सारखी चालत नाहीत. तासाभरात एक-दोन दशांश सेकंदांचा फरक सहज पडतो. म्हणून टाळी सुरुवातीला आणि शेवटीही वाजवा. दोन टाळ्यांमधलं अंतर दोन्ही पट्ट्यांवर मोजा. समजा चित्रात ३६०० सेकंद आणि ध्वनीत ३६००.३ सेकंद भरले, तर ध्वनीची गती ०.००८ टक्के वाढवायची. एवढ्यानं स्वर बदललेला कुणाला कळत नाही. शेवटची टाळी राहून गेली असेल तर भाषणातल्या विरामांत पट्टी कापून दर दहा मिनिटांनी जुळवून घ्या.

पुढच्या वेळेसाठी : मंडपातल्या मिक्सरमधून थेट तार घेऊन फोनला लावू नका. मिक्सरचा संकेत माइकपेक्षा कितीतरी जोरदार असतो आणि आवाज पहिल्या शब्दापासून फाटतो. रेकॉर्डरला 'लाइन इन' (असा जोरदार संकेत घेणारं भोक) असेल तरच ती तार लावा. नसेल तर कॉलर माइक वक्त्याच्या माइकच्या दांडीला, माइकच्या डोक्याच्या जरा खाली, इन्सुलेशन टेपनं बांधा. आवाजवाल्याला विचारूनच बांधा, त्याचंही काम चालू असतं. फोन विमान मोडवर टाका. मधे कॉल आला की बऱ्याच फोनांत रेकॉर्डिंग थांबतं. जागा आधी मोजा : फुल एचडी चित्रीकरण १७ एमबीपीएसनं, म्हणजे सेकंदाला १७ मेगाबिटनं, होत असेल तर तासाला सुमारे साडेसात जीबी लागतात.

प्रश्न : आमच्या गुऱ्हाळाचा व्हिडिओ मराठीत आहे. घेणारे निम्मे कानडी आहेत. दोन्ही भाषांची अक्षरं खाली कशी द्यावीत? एका ॲपमध्ये मराठी टाइप केलं तर जोडाक्षरं तुटली.
— एक वाचक, हुक्केरी तालुका

उत्तर : दोन्ही भाषा एकाच वेळी चित्रावर छापू नका, चार ओळी झाल्या की काहीलच दिसणार नाही. यूट्यूबवर प्रत्येक भाषेची वेगळी उपशीर्षक फाइल चढवता येते आणि बघणारा आपली भाषा निवडतो. त्या फाइलला एसआरटी म्हणतात. ती साध्या नोटपॅडमध्येही लिहिता येते : पहिल्या ओळीत क्रमांक, दुसरीत सुरुवातीची आणि शेवटची वेळ, तिसरीत मजकूर, मग एक कोरी ओळ. वेळ तास, मिनिट, सेकंद अशी अपूर्णविरामांनी तोडून, सेकंदानंतर स्वल्पविराम आणि तीन आकडी सहस्रांश; दोन वेळांच्या मधे दोन आडव्या रेघा आणि बाणाचं टोक. हे आकडे इंग्रजी अंकांतच हवेत. वेळेच्या ओळीत मराठी अंक घातले की फाइल वाचली जात नाही. जतन करताना एन्कोडिंग यूटीएफ-८ निवडा, नाहीतर सगळीकडे प्रश्नचिन्हं उमटतात. 'सबटायटल एडिट' हे मोफत सॉफ्टवेअर वापरलं तर वेळा हातानं लिहायला लागत नाहीत.

आधी मराठी फाइल पक्की करा. मग तिची प्रत घेऊन वेळा तशाच ठेवून नुसता मजकूर कानडीत बदला. ओळी दोनच, एका ओळीत ३५-४० अक्षरं, पडद्यावर किमान दीड-दोन सेकंद. भाषांतर यंत्रावर सोडू नका. काहील, चिपाडं, मळी, पाक उतरणं यांना गावातल्या कानडी गुळव्याचे शब्द असतात, तेच विचारून घ्या. घेणारा त्याच शब्दांवर विश्वास ठेवतो.

अक्षरं तुटतात कारण त्या ॲपला देवनागरीची जोडणी येत नाही, किंवा मजकूर जुन्या डीटीपी फाँटात टाइप केलेला आहे. मजकूर युनिकोडमध्येच हवा. फाँट मुक्त परवान्याचे भरपूर आहेत : मराठीला मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी, कानडीला नोटो सान्स कन्नड किंवा बलू तम्मा. नवं ॲप पारखायला पहिला शब्द 'गुऱ्हाळ' हाच टाइप करा. त्यातला अर्धा र नीट उमटला तर ॲप पुढं वापरायला हरकत नाही. नाही उमटला तर शीर्षक दुसरीकडं तयार करून पारदर्शक पीएनजी चित्र म्हणून व्हिडिओवर ठेवा.

प्रश्न : जुना लॅपटॉप, ४ जीबी रॅम. कुठलं सॉफ्टवेअर चालेल?
— एक विद्यार्थी, बेळगाव

उत्तर : शॉटकट किंवा केडेनलाइव्ह, दोन्ही मोफत. दाविंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती गुणानं मोठी, पण तुमच्या लॅपटॉपला ती पेलणार नाही. सेटिंगमध्ये 'प्रॉक्सी' चालू करा : संपादन लहान प्रतींवर होतं आणि शेवटची फाइल मूळ चित्रीकरणातून बनते. अंतिम फाइल एमपी४, एच.२६४, फुल एचडीला ८ एमबीपीएस. दहा मिनिटांची ती सुमारे ६०० एमबी होते. गावात नेटवर्क मंद असेल तर ७२० आणि ५ एमबीपीएस करा, पावणेचारशे एमबीत भागतं. आवाजाची एकूण पातळी उणे १४ एलयूएफएसच्या (कानाला जाणवणारा मोठेपणा मोजायचं एकक) आसपास ठेवा, त्याहून मोठा आवाज यूट्यूब तिथपर्यंत खाली आणतं.

प्रश्न : आमच्या भजनी मंडळानं स्वतः गायलेला तुकोबांचा अभंग यूट्यूबवर टाकला. एका कंपनीचा हक्काचा दावा आला. अभंगावर कुणाचा हक्क कसा?
— एक भजनी मंडळ, खानापूर

उत्तर : बुवा, शब्दांवर कुणाचाच हक्क नाही. भारतीय कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी शब्द सगळ्यांचे होतात, आणि तुकाराम महाराजांना जाऊन साधारण पावणेचारशे वर्षं झाली. पण चाल ही वेगळी कृती धरली जाते. अलीकडच्या संगीतकारानं बांधलेली चाल तुम्ही गायलात तर तिच्यावर त्याचा किंवा कंपनीचा हक्क असू शकतो. परंपरागत चाल असेल तर दावा चुकीचा असण्याची शक्यता मोठी. यूट्यूबचं यंत्र चाल आणि ध्वनी जुळवून बघतं, त्यात साम्यामुळं गफलत होते.

घाबरू नका. असा दावा म्हणजे 'स्ट्राइक', म्हणजे चॅनेलला दिलेली ताकीद, नव्हे. बहुतेक वेळा व्हिडिओ चालू राहतो, त्यावरच्या जाहिरातींचे पैसे दावेदाराकडं जातात. चाल परंपरेची आणि गाणं-वाजवणं तुमचंच, याची खात्री असेल तर हरकत नोंदवा : शब्द कुणाचे, चाल कुठल्या परंपरेची, गायलं-वाजवलं कुणी, कुठं रेकॉर्ड झालं, हे चार वाक्यांत लिहा. दावेदाराला उत्तर द्यायला ३० दिवस असतात. त्यानं काही केलं नाही तर दावा गळून पडतो. चाल चित्रपटातली किंवा कॅसेटवरून उचललेली असेल तर मात्र हरकत नोंदवू नका. मूळ रेकॉर्डिंग कधीही पुसू नका, तोच तुमचा पुरावा.

प्रश्न : वडिलांच्या कीर्तनाच्या वीस-पंचवीस कॅसेट ट्रंकेत आहेत. काहींवर पांढरं आलंय. संगणकावर कशा घ्याव्यात? दुकानात द्यायला मन होत नाही.
— एक वाचिका, जांबोटी परिसर

उत्तर : घरी जमण्यासारखं काम आहे, घाई मात्र करू नका. पांढरं म्हणजे बुरशी. ती कॅसेट तशीच लावली तर बुरशी प्लेअरच्या डोक्याला, म्हणजे फीत जिथं घासते त्या चकचकीत धातूच्या भागाला, लागते आणि तिथून चांगल्या कॅसेटवर जाते. पांढऱ्या पडलेल्या बाजूला काढून पिशवीत बंद करा आणि त्या सगळ्यात शेवटी घ्या. स्वच्छ करताना नाकाला फडकं बांधा.

चांगल्या कॅसेटपासून सुरुवात. प्लेअरचं डोकं कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसा. तपकिरी रंग उतरायचा थांबेपर्यंत काड्या बदलत राहा. रबरी चाकाला अल्कोहोल न लावता ओलसर फडकं पुरे. मग कॅसेट एकदा पूर्ण पुढं आणि पूर्ण मागं गुंडाळा. वर्षानुवर्षं पडून फितीची वेटोळी एकमेकांना चिकटतात, ती मोकळी होतात आणि ताण सारखा होतो. ९० मिनिटांहून मोठ्या कॅसेटची फीत फार पातळ असते. ती पेन्सिलीनं हातानंच गुंडाळा.

आवाज दबका येत असेल तर कॅसेटच्या तोंडात बघा. फितीमागं धातूच्या पट्टीवर फेल्टचा लहान तुकडा असतो. तो गळून पडला की फीत डोक्याला टेकत नाही. स्क्रूची कॅसेट असेल तर तशीच दुसरी नको असलेली कॅसेट उघडून दोन्ही चाकं तिच्यात बसवता येतात. कॅसेट सपाट टेबलावर ठेवूनच उघडा, उभी धरली की फीत सुटते. फेल्ट ठीक असूनही आवाज दबका असेल तर डोक्याचा कोन रेकॉर्ड करणाऱ्या यंत्रापेक्षा वेगळा आहे. डोक्याशेजारी स्प्रिंग असलेला लहान स्क्रू असतो. त्याची मूळ जागा रंगाच्या ठिपक्यानं खूण करून ठेवा, कॅसेट चालू असताना तो अगदी थोडा फिरवा आणि टाळांचा खणखणाट सर्वांत स्पष्ट होईल तिथं थांबा. मृदंगावर लक्ष ठेवू नका. फरक टाळांतच कळतो. हे प्रत्येक कॅसेटला करावं लागेल, आणि एवढ्या एका स्क्रूनं जे मिळतं ते नंतर संगणकावर मिळत नाही.

प्लेअरमधून तार 'लाइन आउट'मधून घ्या, नसेल तर हेडफोनच्या भोकातून, आवाज निम्म्यावर ठेवून. लॅपटॉपला ती थेट लावू नका, कारण तिथलं भोक बहुधा माइकचं आणि एकाच बाजूचं असतं. 'लाइन इन' असलेलं छोटं यूएसबी साउंड कार्ड मधे हवं. हाच एक खर्च आहे. ऑडॅसिटीमध्ये ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट निवडा. कीर्तनातला सगळ्यात मोठा गजर आधी वाजवून बघा आणि पट्टी उणे ६ च्या वर जाणार नाही अशी पातळी लावा. डॉल्बीचं बटण बंद. एकसारखी गुणगुण येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवा. बहुतेक वेळा ती तिथंच थांबते. उरलीच तर ५०, १०० आणि १५० हर्ट्झवर, नेमका तेवढाच आवाज कापणारा 'नॉच फिल्टर' लावता येतो, पण तो प्रतीवर, मूळ फाइलवर कधीच नको. मूळ फाइल कुठलीही साफसफाई न करता वेव्ह (WAV) प्रकारात जतन करा. ६० मिनिटांची कॅसेट सुमारे एक जीबी होते. घरच्यांना ऐकायला तिच्यापासून १२८ केबीपीएसची एमपी३ करा.

कॅसेट वाजत असताना शेजारी बसून ऐकाच. कुठलं गाव, कुठला सप्ताह, पूर्वरंगात कुठला अभंग, मृदंगाला कोण, हे ओळखता येणारी माणसं आज घरात असतील तर ते त्याच दिवशी वहीत लिहून काढा आणि फाइलच्या नावात वर्ष, गाव आणि बाजू घाला. फाइल एक लॅपटॉपवर, एक वेगळ्या हार्डडिस्कवर आणि शक्य तर तिसरी दुसऱ्या गावातल्या नातेवाइकाकडं. काम झाल्यावर कॅसेट टाकून देऊ नका. गुंडाळून, उभ्या, कोरड्या कपाटात वरच्या फळीवर ठेवा. पावसाळ्यात ट्रंक जमिनीला टेकलेली असते आणि ओल तिथूनच चढते.